वसुमती चेचीचे तीन ढीग

‘आंतरराष्ट्रीय व्यापार कायद्याची ओळख’ हा विषय आमच्या कोल्लमच्या कॉलेजात ऐच्छिक आहे, आणि ऐच्छिक म्हणजे काय हे मुलांना बरोबर कळतं. पहिल्या वर्षी माझ्या वर्गात अकरा जण होते. त्यातले चार पंख्याखाली जागा मिळते म्हणून आले होते. मी तासापुरती येणारी बाई, बाकी वेळ वकिली. पुस्तक उघडलं की पहिल्याच पानावर व्हिएन्नाचा करार. मी मोठ्या उत्साहानं सांगितलं, “ऐंशी साली व्हिएन्नात पुष्कळ देश एकत्र बसले आणि देशादेशांतल्या खरेदीविक्रीचे नियम ठरवले.”

मागच्या बाकावरून रेजित म्हणाला, “टीचर, आपल्या देशानं त्यावर सही केलीय?”

“नाही.”

“मग आपण कशाला वाचायचं?”

वर्ग खदाखदा हसला. मला राग आला, आणि खरं सांगायचं तर उत्तर सुचलं नाही म्हणून जास्तच आला. मी पुस्तक मिटलं आणि म्हटलं, “शनिवारी सकाळी सगळे किळिकोल्लूरला या. जो येणार नाही त्याची हजेरी कापीन.” ती मला कापता येत नव्हती, पण त्यांना कुठे ठाऊक होतं!

किळिकोल्लूरला नुजुमुद्दीन मुदलाळींचा काजूचा कारखाना होता. मुदलाळी म्हणजे धनी. त्यांची जुनी भाडेकरूची भानगड मी निस्तरली होती, म्हणून मला तिथे मोकळी वाट होती. फाटकातून आत गेलं की मोठं वाळवणाचं अंगण, पलीकडे बिया फोडणाऱ्या बायकांची शेड, आणि तिच्या टोकाला खिडकीशी एक टेबल. त्या टेबलाशी वसुमती चेची बसायची. चेची म्हणजे थोरली ताई.

चेची तेव्हा छप्पन्न वर्षांची होती. बारीक अंगाची, कपाळावर चंदनाचं बोट, आणि टरफलाच्या तेलानं काळीकुट्ट झालेली दहा बोटं. चौदाव्या वर्षी आईच्या मागून ती कारखान्यात आली आणि दहा वर्षं तिनं ठोकळ्यावर काजू फोडले. तपासणीचं टेबल त्या वेळी पुरुषांचं होतं. तिथला म्हातारा एकदा तापानं अंथरुणाला खिळला, आणि नेमका त्याच दिवशी तूतुकुडी बंदरातून नव्या मालाचा नमुना आला. मुदलाळींचे वडील कपाळाला हात लावून बसले. ही शेडमधून उठली, पदर खोचला आणि टेबलाशी जाऊन बसली. किलोभर बिया मोजून एकेक उभी कापली, गर तोलला आणि म्हणाली, “चव्वेचाळीस.”

ऐंशी किलोच्या गोणीतून किती पौंड गर निघेल, त्याचा तो आकडा. जगभर काजूचा सौदा याच आकड्यावर होतो. पंधरा दिवसांनी सगळा माल फोडून झाल्यावर चव्वेचाळीसला अर्धाच पौंड कमी पडला, आणि टेबल तिचं झालं. तिची मुलगी मस्कतला नर्स आहे. ती दर रविवारी फोनवर सांगायची, “अम्मा, आता पुरे. घरी बस.” चेची म्हणायची, “घरी बसून काय कापू? भेंडी?”

त्या शनिवारी अकरा जण टेबलाभोवती उभे राहिले. चेचीनं प्रत्येकाच्या तळहातावर खोबरेल ओतलं.

“चोळा नीट. नाहीतर सोमवारी लिहायला बोटं उरायची नाहीत.”

मग तिनं अडकित्त्यासारखी कातर उचलली. खट्. बी दुभंगली. “हा बघा. पोकळ. आणि हा कोवळा, दाणा भरायच्या आत झाडावरून ओरबाडलाय.” तिनं दोन्ही डावीकडे ठेवले. खट्. “हा चांगला भरला होता, पण बुरशी पार आत गेलीय आणि जुनी होऊन काळवंडलीय. हा जहाजात सडला.” तो मध्ये. खट्. “आणि हा? वर नुसती पांढरी लव. पापुद्रा काढला की खाली गर स्वच्छ. हा आमच्याच अंगणात ताडपत्रीखाली घामेजला.” तो उजवीकडे. चांगला गर वेगळ्या ताटलीत.

रेजित म्हणाला, “पण चेची, खराब तो खराब. तीन ढीग कशाला?”

“तुझ्या घरी दूध नासलं तर शिव्या कुणाला देशील? म्हशीला, गवळ्याला, की झाकण न ठेवणाऱ्या बायकोला?”

“माझं लग्न कुठे झालंय?”

“म्हणूनच कळत नाही.”

मुली फिदीफिदी हसत होत्या आणि मी मात्र उडालेच! अहो, माझं अख्खं पुस्तक त्या टेबलावर मांडलेलं होतं! डावीकडचा ढीग विकणाऱ्याचा: कबूल केलं तसा माल त्यानं दिलाच नाही. मधला ढीग समुद्राचा: आमचे सौदे असे होत, की माल तिकडच्या बंदरात जहाजावर चढला की पुढची जोखीम घेणाऱ्याची, म्हणजे त्याच्यासाठी विमा कंपनीचं दार ठोठवायचं. उजवीकडचा आपला आपणच गिळायचा. आणि मग एकामागून एक प्रश्न उठतात! भांडण कुठल्या देशाच्या कायद्यानं तोलायचं? कुठल्या गावी न्यायचं? माल आल्यावर तो किती दिवसांत पाहायचा, आणि खराब निघाला तर किती दिवसांत ओरडायचं? मी तिथेच, काजूच्या धुरात, दोन तास बोलत सुटले. मुलं खाली मान घालून बिया कापत होती आणि ऐकत होती.

“तू सही केली नसशील,” मी रेजितला म्हटलं, “पण समोरच्यानं केली असेल ना? आणि माल तर तुमच्या दोघांच्या मधल्या समुद्रात आहे. मग तिथे कुणाचं चालणार, ते नको ठाऊक असायला?”

पुढच्या वर्षी माझ्या वर्गात चौतीस मुलं होती. त्यानंतर वर्गाची सुरुवात दर वेळी चेचीच्या टेबलाशी व्हायला लागली. चेची मला म्हणायची, “टीचर, पगार तुम्ही घेता आणि शिकवते मी.”

तिसऱ्या वर्षी जुलैत गिनी-बिसाऊहून बारा कंटेनर आले. माल आफ्रिकेचा, विकणारी कंपनी सिंगापूरची, करार लंडनच्या कायद्याचा. आफ्रिकेतल्या तपासनिसानं कागदावर अठ्ठेचाळीस पौंड लिहिले होते. पंचेचाळीसच्या खाली भरला तर विकणाऱ्यानं भरपाई द्यायची, असा करार होता. पण एक अट होती: दोन्ही बाजूंची माणसं येऊन बंद गोण्यांतून नमुने काढतील, तोवर एकही गोणी उघडायची नाही. ही अट मुदलाळींच्या लोखंडी कपाटात होती, इंग्रजीत. आणि मुदलाळी मुलीच्या लग्नाच्या बोलणीसाठी कोषिक्कोडला होते.

लॉऱ्या फाटकात शिरल्या, पहिला कंटेनर उघडला आणि चेचीला वास आला. गोण्या दमट होत्या. दमट काजूबी दिसली की ती पसरायची, हे कोल्लममध्ये कुणाला शिकवावं लागत नाही. लहान मूल रांगत विहिरीकडे निघालं तर उचलायचं की नाही, हे जसं कुणी विचारत नाही, तसंच. चेची अंगणात उभी राहिली आणि ओरडली, “पसरा!”

एकशे साठ बायकांनी दोन दिवसांत सगळ्या गोण्या फोडून अंगण भरून टाकलं. दुपारी सर आली की ताडपत्र्या ओढायच्या, ऊन पडलं की काढायच्या. तिसऱ्या दिवशी मुदलाळी परतले. फाटकातून त्यांनी ते तपकिरी अंगण पाहिलं आणि खालीच बसले.

“चेची, कुणाला विचारून उघडलंत?”

“माल कुजायला लागला होता. विचारायला तुम्ही होता कुठे?”

“करारात लिहिलंय उघडायचं नाही म्हणून!”

“मला कधी वाचून दाखवलात करार?”

मुदलाळींनी फोन उचलला. त्यांनी धावपळ करून तूतुकुडीचा एक तिऱ्हाईत सर्व्हेअर बोलावला. त्यानं सहाव्या दिवशी अंगणातून नमुने काढून सीलबंद केले. सिंगापूरहून चार ओळींचं पत्र आलं: तुम्ही गोण्या उघडल्या, माल मिसळला, भिजवला. म्हणजे तो तुम्ही पसंत केला. आता तक्रार कसली?

कारखाना थांबला. निकाल लागेपर्यंत तो माल फोडता येत नव्हता, आणि बँक नव्या मालासाठी कर्ज देत नव्हती. जानेवारीत टांझानियाचा माल येतो. तोवर भरपाई मिळाली तर कारखाना उघडणार, नाहीतर फाटकाला कायमचं कुलूप. ओणमला बायकांना बोनस मिळाला नाही. चेचीच्या घरावरून जाताना कुणी तिला एका शब्दानं बोललं नाही, आणि तेच तिला जास्त लागलं. मी गेले तेव्हा तिनं माझ्यासमोर उकडलेला कप्पा, म्हणजे टॅपिओकाचा कंद, आणि मत्ती माशाचं कालवण ठेवलं. स्वतः शिवलीसुद्धा नाही.

“टीचर, एकशे साठ चुली माझ्या एका शब्दानं विझल्या,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मुदलाळी कॉलेजच्या व्हरांड्यात येऊन उभे राहिले.

“लंडनचा वकील परवडत नाही. कोचीचा फोन उचलत नाही. तुम्ही मुलांना हेच शिकवता ना?”

“शिकवते. लढलेले नाही कधी.”

“मग आता शिका,” ते म्हणाले.

काय सांगू, मला झोप येईना! भीतीनं नव्हे, आनंदानं. लाज वाटते सांगायला, पण खरं आहे. तीन वर्षं जे फळ्यावर लिहीत होते ते आता हातात आलं होतं! लवाद लंडनमध्ये, एकट्या बाई, नाव श्रीमती पेनरोज. साक्षी व्हिडिओवरून, कमी खर्चाची, झटपट पद्धत. मी वर्गालाच कामाला लावलं. कुणी जहाजाचे कागद लावले, कुणी पावसाच्या नोंदी मागवल्या, आणि रेजित, तोच मागच्या बाकावरचा, आता शेवटच्या वर्षाला असलेला रेजित, एका दुपारी धावत आला.

“टीचर! नाशवंत माल वाचवायला हात लावला म्हणजे तो पसंत केला असं होत नाही! तीन निवाडे मिळाले!”

मी त्याच्या पाठीत एवढ्या जोरात थाप मारली की त्याचा चष्मा पडला. अर्धी भिंत पडली होती! उरला एकच प्रश्न, आणि तोच जीवघेणा. पसरायला हरकत नव्हती हे पटवता येईल. पण जे खराब झालं ते मुळात खराब होतं की पसरल्यामुळे झालं, हे कोण सांगणार? श्रीमती पेनरोज यांनी हुकूम काढला: सीलबंद नमुना सर्व्हेअरच्या देखत, कॅमेऱ्यासमोर उघडायचा, आणि कारखान्याच्या तपासनीस बाईंनी तो कापून दाखवायचा.

आदल्या दिवशी आम्ही चेचीच्या टेबलाशी बसलो. मुदलाळी म्हणाले, “अंगणात एक दाणा बिघडला नाही म्हणायचं. बस्स.”

“खोटं नाही सांगायचं,” मी ताडकन म्हटलं. मला माझाच अभिमान वाटला. आणि मीच लगेच पुढे म्हणाले, “पण चेची, विचारल्याशिवाय काही बोलायचं नाही. आणि दोनच ढीग करायचे. एक चांगला, एक खराब.”

चेचीनं माझ्याकडे पाहिलं. “मुलांना तीन, आणि त्यांना दोन?”

“तो वर्ग होता. हा लवाद आहे.”

कातर पुसून तिनं फडक्यात गुंडाळली. मी घरी येताना स्वतःला समजावत होते, की यात खोटं काहीच नाही. वकील असंच समजावतात.

ऑक्टोबरातला दिवस, दुपारचे दोन. लंडनला सकाळचे साडेनऊ. कॉलेजचा हॉल भरलेला, मुलांना मागे गप्प बसायची ताकीद. रेजितनं चेचीच्या हातांवर नीट रोखलेला कॅमेरा बांबूला बांधला होता. पडद्यावर श्रीमती पेनरोज, पिकलेले केस, हातात पेन्सिल. दुसऱ्या चौकोनात सिंगापूरचे वकील श्री. ओंग, इस्त्री केलेला आवाज. तिरुवनंतपुरमहून आलेला दुभाष्या घाम पुसत होता. सर्व्हेअरनं पाकिटाचं सील दाखवलं, फोडलं आणि किलोभर बिया ओतल्या. दोनशे एक भरल्या.

खट्. खट्. खट्. हॉलमध्ये दुसरा आवाज नव्हता. पाऊण तास ती कापत होती. शेवटी चांगले एकशे एकवीस, खराब ऐंशी. दोन ढीग. तिनं मी सांगितल्यासारखंच केलं होतं.

ओंग साहेबांनी सुरुवात केली. “बाई, या ढिगात बरेच दाणे सुरकुतलेले दिसतात. तुम्ही ते उन्हात फार वाळवलेत, म्हणून आक्रसले. बरोबर?”

दुभाष्यानं विचारलं. चेची हसली. पहिल्यांदाच.

“साहेबांना सांगा, वाळलेला दाणा टरफलात खुळखुळतो, पण असतो पुरा. हा बघा.” तिनं एक दाणा कॅमेऱ्यापुढे धरला, नखाएवढा चपटा. “टरफलात दाणाच भरला नव्हता तर ऊन खाणार काय?”

दुभाष्यानं ते सांगितलं आणि श्रीमती पेनरोज यांनी पेन्सिलीनं काहीतरी लिहिलं. मागून कुणीतरी शिटी मारायच्या बेतात होतं. मीच मारली असती! ओंग साहेबांनी पाण्याचा घोट घेतला. मला वाटलं, आटोपलं, जिंकलो!

“ठीक आहे,” ते मऊपणे म्हणाले. “माल तुमच्या अंगणात सहा दिवस होता. पाऊस पडला, ताडपत्री होती. माझा शेवटचा प्रश्न. या ऐंशीपैकी तुमच्या अंगणात किती बिघडले? एकही नाही, असंच ना?”

मुदलाळी खोकले. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा फारच जोरात. मी डोळे मिटले. “एकही नाही” म्हणाली तर तो पावसाच्या नोंदी काढून तिला खोटी पाडणार. “काही बिघडले” म्हणाली तर आमच्याच तोंडानं आमचा माल खराब. मग डोळे उघडले.

चेचीनं खराब ढीग दोन्ही हातांनी स्वतःकडे ओढला आणि वाटायला लागली. डावीकडे, मध्ये, उजवीकडे. सावकाश. एक दाणा उचलून तिनं पापुद्रा खरवडला, हुंगला, मध्ये ठेवला, पुन्हा उचलला आणि उजवीकडे टाकला. श्रीमती पेनरोज पडद्याकडे वाकल्या. शेवटी चेचीनं मोजलं. डावीकडे अडतीस, मध्ये एकोणीस.

उजव्या ढिगावर तिनं हात ठेवला. “हे तेवीस माझे. मी पसरा म्हटलं, म्हणून बिघडले.”

दुभाष्या थांबला. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मुदलाळींकडे पाहिलं. चेची त्याला म्हणाली, “अहो, सांगा की. मल्याळम येत नाही का?”

त्यानं सांगितलं. ओंग साहेब कागद उलटेपालटे करू लागले. नकार कसा खोडायचा याची त्यांच्याकडे जय्यत तयारी होती. होकाराचं काय करायचं ते त्यांच्या कागदात नव्हतं.

श्रीमती पेनरोज यांनी विचारलं, “तुमचे कुठले आणि समुद्राचे कुठले, हे कशावरून ओळखलंत?”

चेचीनं सांगितलं: जुनी बुरशी, नवी लव, पापुद्र्याखालचा रंग, वास. अकरा मुलांना सांगितलं होतं तसंच, एक शब्द इकडेतिकडे नाही. मग पेनरोज बाईंनी सर्व्हेअरला ढीग तपासायला सांगितले. त्यानं भिंग लावून एकेक पाहिला आणि खाकरला. “डावा ढीग बरोबर. पण उजवीकडचे दोन दाणे मी समुद्राच्या ढिगात टाकले असते.”

आमच्याच बाजूचं होतं की हो ते! मी मान डोलावणार, तेवढ्यात चेची म्हणाली, “तुम्हाला टाकायचे तर टाका. पण आहेत ते माझेच.”

कॅमेरे बंद झाले. मुदलाळी “संपलं सगळं” एवढंच म्हणून बाहेर गेले. चेची नळाखाली हात धूत होती. मी शेजारी जाऊन उभी राहिले.

“तुमचं ऐकलं नाही, टीचर. रागावलात?”

“तुमच्यावर नाही,” मी म्हटलं. मला रडू फुटलं. दोन ढीग करा म्हणून सांगणारी मी, तीन वर्षं तीन ढीग शिकवत होते! तिनं ओल्या हातानं माझा खांदा थोपटला. त्या साडीवर टरफलाच्या तेलाचा डाग पडला आणि तो आजही निघालेला नाही.

निवाडा डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आला. मी वर्गात होते. फोनवर पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं, मग वाचता वाचताच चालायला लागले, आणि माझ्या मागे सगळा वर्ग. दोन बस पकडून आम्ही किळिकोल्लूरला पोचलो तोवर बातमी आमच्या पुढे गेली होती. अंगणात बायका जमल्या होत्या. मुदलाळी माझ्या हातातला फोन हिसकावून घेत होते आणि त्यांना चष्म्याशिवाय काही दिसत नव्हतं.

“टीचर, आधी सांगा! हो की नाही?”

“हो!” मी ओरडले. “हो, हो, हो! डाव्या ढिगाचा दोष तेवढा धरला तरी आकडा त्रेचाळीस, पंचेचाळीसच्या खाली! सगळी भरपाई सिंगापूरवाल्यांनी द्यायची! समुद्राचं विम्याकडे मागा! जानेवारीत कारखाना उघडतोय!”

तो जो गिल्ला झाला, तो अष्टमुडी सरोवराच्या पलीकडच्या काठावर गेला असेल. बायकांनी एकमेकींना मिठ्या मारल्या, रेजितला कुणीतरी उचललं, मुदलाळी एकाच वेळी हसत होते आणि नाक पुसत होते. मी पायरीवर चढून अकरावं पान मल्याळममध्ये वाचून दाखवलं. श्रीमती पेनरोज यांनी लिहिलं होतं: गोण्या उघडणं ही अटीची चूक होती, पण ती माल वाचवण्यासाठी झाली. एकत्र नमुने काढले गेले नाहीत, त्यामुळे मला एका माणसाच्या नजरेवर विसंबावं लागलं. तपासनीस वसुमती यांनी स्वतःच्या विरुद्ध जाणारा ढीग कुणी न सांगता वेगळा काढला, आणि म्हणूनच विक्रेत्याविरुद्ध जाणारा ढीगही मी त्यांच्या शब्दावर मान्य करते.

सगळ्यांनी वळून चेचीकडे पाहिलं. ती शेडच्या खांबाला टेकून उभी होती आणि पदरानं डोळे पुसत होती. शेडमधली एक म्हातारी तिच्याजवळ गेली आणि तिनं चेचीचा काळा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. पाच महिन्यांत त्या दोघी बोलल्या नव्हत्या.

मग चेची नाक ओढून पुढे आली.

“टीचर, माझ्या ढिगात किती लिहिलेत त्या बाईंनी?”

मी खाली पाहिलं. “एकवीस. सर्व्हेअरचं म्हणणं मान्य केलंय. दोन दाणे समुद्राकडे गेले.”

“चुकलंय ते. तेवीस होते. कळवा त्यांना.”

“चेची, आपल्याच फायद्याचं आहे ते!” मुदलाळी किंचाळले.

“फायद्याचं असेल. पण तेवीस होते.”

“निवाडा आता बदलता येत नाही, चेची,” मी म्हटलं.

तिनं थोडा विचार केला. अंगणभर पसरलेल्या माझ्या मुलांकडे पाहिलं.

“बरं. मग निदान यांना तरी तेवीस शिकवा.”

म्हणून दर जूनमध्ये पहिल्या तासाला मी हा निवाडा फळ्यावर मांडते, आणि अकराव्या पानावर छापील एकवीस असले तरी मी मुलांना तेवीसच सांगते.